उष्णता व शीतनाचे सामूहिक जाळे : बिद्री परिसरातील साखर व दूध व्यवसायाच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

शहरातील अनेक इमारतींना एकाच केंद्रातून नळांद्वारे उष्णता किंवा थंडावा पुरविण्याची पद्धती युरोप-अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे प्रचलित आहे. भारतात या पद्धतीचा विचार मुख्यतः शीतनाच्या अंगाने आणि महानगरांच्या संदर्भात होत आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीची संकल्पना, तिची वाढ व भारतातील स्थिती यांचा आढावा घेतला आहे. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील बिद्री परिसरात शेजारी शेजारी असलेल्या साखर कारखानदारी व दूध शीतकरण या दोन व्यवसायांच्या आधारे ग्रामीण सहकारी क्षेत्रात ही पद्धती कितपत उपयुक्त ठरू शकते, याचे विवेचन केले आहे. कारखान्यातील सर्वच उष्णता 'टाकाऊ' नसते. कोणती उष्णता खरोखर टाकाऊ आहे हे ठरविल्याशिवाय अशा योजनेचे अर्थकारण ठरत नाही, हा या विवेचनाचा मुख्य निष्कर्ष होय.

बीजसंज्ञा : सामूहिक उष्णता पुरवठा, सामूहिक शीतन, सहवीजनिर्मिती, बगॅस, शोषण शीतन यंत्र, दूध शीतकरण, सहकार.

प्रस्तावना

पाणी, वीज आणि स्वयंपाकाचा गॅस या गोष्टी नळाने वा तारेने घरोघरी पोहोचतात, याचे आज कोणालाही आश्चर्य वाटत नाही. एकेकाळी प्रत्येक वाड्याची स्वतंत्र विहीर होती. पुढे नगरपालिकेचा नळ आला आणि विहिरी मागे पडल्या. उष्णता व थंडावा यांच्या बाबतीत मात्र भारतातील बहुतेक शहरे अजून 'प्रत्येकाची स्वतंत्र विहीर' याच अवस्थेत आहेत. प्रत्येक खोलीला स्वतंत्र वातानुकूलन यंत्र, प्रत्येक रुग्णालयाला स्वतंत्र शीतन संयंत्र, प्रत्येक कापड प्रक्रिया कारखान्याला स्वतंत्र बॉयलर अशी आजची स्थिती आहे.

वाढते तापमान, वाढते नागरीकरण आणि वाढते उत्पन्न यांमुळे शीतनाची मागणी वेगाने वाढत आहे. ही बाब लक्षात घेऊन केंद्र शासनाने मार्च २०१९ मध्ये 'भारत शीतन कृती आराखडा' जाहीर केला. सन २०३७-३८ पर्यंत विविध क्षेत्रांतील शीतनाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी आणि शीतनासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले आहे. हे उद्दिष्ट गाठण्याच्या मार्गांपैकी सामूहिक शीतन हा एक महत्त्वाचा मार्ग मानला जातो.

या विषयावरील चर्चा बहुधा काचेच्या उंच इमारतींभोवती फिरते. ज्या भागात उष्णतेचे मोठे उगमस्थान आणि थंडाव्याची मोठी गरज एकमेकांजवळ आहेत, अशा ग्रामीण भागाकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. या दृष्टीने बिद्री परिसराचा विचार उद्बोधक ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सामूहिक उष्णता व शीतन व्यवस्थेची संकल्पना व वाढ समजावून घेणे.
२. भारत व महाराष्ट्रातील या व्यवस्थेच्या स्थितीचा आढावा घेणे.
३. साखर कारखान्यातील उष्णतेच्या वापराचे स्वरूप स्पष्ट करणे.
४. सदर उष्णतेपासून दूध शीतकरण करण्याची शक्यता व मर्यादा तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. लेखातील आकडेमोड उष्णतेच्या सर्वमान्य नियमांवर व साखर उद्योगातील प्रचलित प्रमाणांवर आधारलेली आहे. ती विषय समजण्यासाठी उदाहरणादाखल केलेली असून कोणत्याही विशिष्ट संस्थेच्या प्रत्यक्ष आकडेवारीशी तिचा संबंध नाही.

१. सामूहिक व्यवस्थेची संकल्पना

सामूहिक व्यवस्थेचे तीन घटक असतात. पहिला घटक म्हणजे केंद्र. तेथे पाणी तापविले किंवा थंड केले जाते. दुसरा घटक म्हणजे जमिनीखालून जाणारे उष्णतारोधक आवरणाचे दुहेरी नळ. एका नळातून गरम वा थंड पाणी ग्राहकाकडे जाते व दुसऱ्यातून वापरलेले पाणी केंद्राकडे परत येते. तिसरा घटक म्हणजे ग्राहकाच्या इमारतीतील उष्णता-विनिमयक. येथे जाळ्यातील पाणी व इमारतीतील पाणी एकमेकांत मिसळत नाही, केवळ उष्णतेची देवघेव होते. किती उष्णता दिली वा घेतली हे मीटरवर मोजून त्याप्रमाणे आकारणी केली जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकाला ही रचना अपरिचित नाही. नदीकाठी एक जॅकवेल, मोठे पंप, तेथून माळापर्यंत नेलेली जलवाहिनी आणि प्रत्येक सभासदाच्या शेतात सोडलेले पाणी, अशा सहकारी उपसा जलसिंचन संस्था येथे अनेक दशके कार्यरत आहेत. प्रत्येक शेतकऱ्याने नदीवर स्वतंत्र पंप बसविण्यापेक्षा एकत्रित पंप स्वस्त पडतो, हाच विचार सामूहिक शीतनामागे आहे. फरक एवढाच की तेथे पाणी शेतात मुरते. येथे पाणी परत येते आणि त्याने वाहून आणलेली उष्णता अथवा थंडावा तेवढा खर्च होतो.

एकत्रित केंद्राचा फायदा दोन कारणांनी होतो. पहिले कारण म्हणजे मोठी यंत्रे लहान यंत्रांपेक्षा अधिक कार्यक्षम असतात. दुसरे कारण म्हणजे सर्व ग्राहकांची कमाल मागणी एकाच वेळी येत नाही. कार्यालयांना दुपारी थंडावा लागतो, घरांना रात्री लागतो, रुग्णालयाला चोवीस तास लागतो. प्रत्येकाने स्वतःच्या कमाल गरजेइतके यंत्र बसविले तर एकूण क्षमता कितीतरी अधिक होते. एकत्रित केंद्राला मात्र त्यापेक्षा कमी क्षमता पुरते.

नळातून किती उष्णता वाहते हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : पाण्याचा प्रवाह आणि जाणाऱ्या व येणाऱ्या पाण्याच्या तापमानातील फरक. फरक निम्मा झाला तर तेवढ्याच कामासाठी दुप्पट पाणी खेळवावे लागते. म्हणून ग्राहकाने थंडावा पुरेसा न वापरता पाणी तसेच परत पाठविले तर त्याचा भुर्दंड साऱ्या जाळ्याला बसतो. चांगल्या योजनांत आकारणीचे नियम या दृष्टीने केलेले असतात.

२. ऐतिहासिक आढावा

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात लॉकपोर्ट या गावी बर्डसिल हॉली याने १८७७ मध्ये एका बॉयलरमधून शेजारच्या इमारतींना वाफ पुरविण्यास प्रारंभ केला. ही आधुनिक सामूहिक उष्णता पुरवठ्याची सुरुवात मानली जाते. १८८२ मध्ये न्यूयॉर्क शहरात वाफेचे जाळे सुरू झाले आणि ते आजही कार्यरत आहे. आरंभीच्या या व्यवस्था वाफेवर चालत. पुढे दाबाखालील अतितप्त पाणी, त्यानंतर शंभर अंशांहून कमी तापमानाचे पाणी आणि आता पन्नास-साठ अंशांचे पाणी असा प्रवास झाला आहे. तापमान जितके कमी तितकी वाटेतील गळती कमी, आणि तितकीच कारखाने, संगणक केंद्रे, सांडपाणी यांची सौम्य उष्णता जाळ्यात घेणे सोपे, असे या बदलाचे सूत्र आहे.

या संदर्भात डेन्मार्कचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. कोपनहेगनलगतच्या फ्रेडरिक्सबर्ग येथे १९०३ मध्ये कचरा जाळून मिळणारी उष्णता पुरविण्यास सुरुवात झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर आयात तेलावरील अवलंबन कमी करण्यासाठी त्या देशाने १९७९ मध्ये उष्णता पुरवठा कायदा केला. कोणत्या भागात जाळे टाकावयाचे याचे नियोजन स्थानिक संस्थांकडे दिले. आज कोपनहेगन शहराची जवळपास सर्व उष्णतेची गरज अशा जाळ्यातून भागते. उल्लेखनीय बाब अशी की, डेन्मार्कमधील अनेक उष्णता संस्था ग्राहकांच्याच सहकारी मालकीच्या आहेत आणि तेथील उष्णतेचे दर ठरविताना 'ना नफा ना तोटा' हे तत्त्व दीर्घकाळ पाळले गेले. म्हणजेच या व्यवस्थेच्या यशामागे यंत्रांइतकाच सहकाराचाही वाटा आहे.

शीतनाचे जाळे तुलनेने अलीकडचे. पॅरिस येथे १९९१ पासून शहरव्यापी शीतन जाळे विकसित झाले असून त्यासाठी सीन नदीच्या पाण्याचा उपयोग केला जातो. २०२२ मध्ये झालेल्या नव्या करारानुसार सुमारे ८९ किलोमीटरचे हे जाळे २०४२ पर्यंत २५२ किलोमीटरपर्यंत वाढविण्याची योजना आहे. कॅनडातील टोरांटो शहरात २००४ पासून ओंटारिओ सरोवराच्या ८३ मीटर खोलीवरील सुमारे ४ अंश तापमानाच्या पाण्याचा थंडावा वापरला जातो. आखाती देश व सिंगापूर येथेही अशी केंद्रे मोठ्या प्रमाणावर आहेत.

या सर्व उदाहरणांतून विस्ताराचा एक क्रम दिसतो. प्रथम रुग्णालय, मोठे कार्यालय किंवा कारखाना असा अखंड व खात्रीची मागणी असलेला आधारग्राहक मिळविला जातो. त्याच्या मागणीवर केंद्राचा पाया उभा राहतो. नंतर नळाच्या वाटेवरील ग्राहक जोडले जातात. शेवटी वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडली जातात. आधारग्राहकाशिवाय टाकलेले जाळे आर्थिक अडचणीत येण्याचा धोका असतो. कारण भांडवलाचा मोठा भाग जमिनीखालच्या नळांत अडकतो आणि ग्राहक नाही म्हणून नळ उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

३. भारत व महाराष्ट्रातील स्थिती

भारतातील पहिली शहरस्तरीय सामूहिक शीतन व्यवस्था गुजरातमध्ये गांधीनगरजवळील 'गिफ्ट सिटी' येथे उभी राहिली. तिच्या पहिल्या टप्प्याची क्षमता १०,००० टन आहे. शीतनाच्या परिभाषेत एक टन म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तो दर होय. नवे शहर वसवितानाच रस्त्याखाली सेवाबोगदा बांधल्यामुळे तेथे नळ टाकणे सुलभ झाले.

संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने २०१४ मध्ये शहरांतील सामूहिक ऊर्जा व्यवस्थांसाठी जागतिक उपक्रम सुरू केला. त्याअंतर्गत भारतातील ठाणे, पुणे, राजकोट, भोपाळ व कोईमतूर या शहरांची प्राथमिक पाहणी झाली व ठाण्याची पथदर्शी शहर म्हणून निवड करण्यात आली. पुढे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने सामूहिक शीतनासाठी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली.

तथापि वसलेल्या शहरात ही व्यवस्था आणणे कठीण आहे. रस्त्याखाली जलवाहिनी, गटार, वीज व दूरध्वनीच्या तारा यांची आधीच दाटी असते. इमारतींत खोलीगणिक यंत्रे बसविलेली असतात, त्यामुळे थंड पाणी दारापर्यंत आणले तरी ते आत खेळविण्यासाठी नळ नसतात. शिवाय विजेप्रमाणे थंडाव्याचा दर ठरविणारी नियामक यंत्रणा नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील जुन्या शहरांत ही व्यवस्था नवे व्यापारी संकुल, रुग्णालय परिसर, विद्यापीठ परिसर अशा मर्यादित क्षेत्रांतूनच पुढे जाण्याची शक्यता अधिक आहे.

हिवाळ्यातही घरे तापविण्याची गरज कोल्हापूरसारख्या भागात नाही. आंघोळीचे पाणी बंबावर वा चुलीवर तापविले की गरज भागते. म्हणून युरोपच्या धर्तीवरील उष्णता जाळ्याचे अनुकरण येथे निरुपयोगी आहे. येथे प्रश्न वेगळा आहे : उष्णता भरपूर आहे आणि गरज थंडाव्याची आहे.

४. साखर कारखाना : उष्णतेचे तयार जाळे

बिद्री येथे मौनीनगर परिसरात श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. राधानगरी, भुदरगड, कागल व करवीर या तालुक्यांतील ऊस उत्पादक त्याचे सभासद आहेत. महाराष्ट्रातील इतर अनेक सहकारी कारखान्यांप्रमाणे या कारखान्यानेही साखरेबरोबर सहवीजनिर्मितीचा मार्ग स्वीकारला आहे.

साखर कारखाना हा सामान्यतः साखर तयार करणारा उद्योग म्हणून ओळखला जातो. उष्णतेच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र तो पाणी उकळून काढणारा उद्योग आहे. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असते. गाळपानंतर उरणारा बगॅस उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के भरतो व त्यातही निम्मे पाणीच असते. हा बगॅस बॉयलरमध्ये जाळला जातो. एक किलो बगॅसपासून सुमारे दोन ते सव्वादोन किलो वाफ मिळते.

पूर्वी कारखान्यांतील बॉयलर साधारणतः २१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचे असत. सहवीजनिर्मितीसाठी ६७, ८७ किंवा ११० किलो दाबाचे बॉयलर वापरले जातात. उच्च दाबाची वाफ प्रथम टर्बाइनमधून जाते व वीज तयार करते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ रस तापविण्यासाठी व आटविण्यासाठी वापरली जाते. एकाच इंधनातून आधी वीज व नंतर उष्णता मिळविणे, हेच सहवीजनिर्मितीचे मर्म होय. विद्युत अधिनियम २००३ मध्ये सहवीजनिर्मितीस प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे व त्यामुळे अतिरिक्त वीज महावितरणला विकण्याचा मार्ग कारखान्यांना मिळाला.

रस आटविण्याच्या पद्धतीतही उष्णतेच्या काटकसरीचा उत्तम नमुना आढळतो. पहिल्या भांड्यात रस उकळला की त्यातून निघणारी वाफ दुसऱ्या भांड्यातील रस उकळण्यासाठी वापरली जाते, दुसऱ्याची तिसऱ्यासाठी, याप्रमाणे चार-पाच भांडी साखळीने जोडलेली असतात. पुढील प्रत्येक भांड्यातील दाब कमी ठेवल्यामुळे रस कमी तापमानाला उकळतो. एकोणिसाव्या शतकात नॉर्बर्ट रिलियू या अभियंत्याने ही बहुपरिणामी पद्धती साखर उद्योगात रूढ केली. एकच वाफ चार वेळा कामाला लावण्याची ही युक्ती सामूहिक व्यवस्थेच्या तत्त्वाशी मिळतीजुळती आहे. येथे शहराऐवजी भांडी आहेत इतकेच.

दररोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घेतल्यास सुमारे ५,००० टन रस हाती येतो. त्यातील विद्राव्य घटकांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर न्यावयाचे असेल तर त्यातील ७५ टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे ३,७५० टन पाण्याची वाफ करावी लागते. शेवटच्या भांड्यातील वाफ सोडल्यास उर्वरित वाफेचे गरम पाणी होऊन ते कारखान्यातच जमा होते. पहिल्या काही भांड्यांचे हे पाणी ८५ अंशांहून अधिक तापमानाचे असते. त्यातील काही बॉयलरसाठी व मिलमध्ये उसावर मारण्यासाठी वापरले जाते. उरलेले थंड करून मगच अन्य उपयोगात आणता येते अथवा प्रक्रिया करून सोडता येते. शेवटच्या भांड्यातील व पॅनमधील वाफ कंडेन्सरमध्ये जाते आणि तिची उष्णता स्प्रे पाँडच्या फवाऱ्यांतून हवेत सोडली जाते. हंगामात कारखान्यावरून जाणाऱ्यास दिसणारे ते फवारे म्हणजे वस्तुतः उष्णता टाकून देण्याचे साधन होय.

५. उष्णतेतून थंडावा

उष्णता वापरून थंडावा निर्माण करता येतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तिचे स्पष्टीकरण शोषण शीतन यंत्रात आहे. अतिशय कमी दाबात पाणी चार-पाच अंश तापमानालाही उकळते आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेते. अशा प्रकारे नळीतील पाणी सात अंशांपर्यंत थंड होते. ही तयार झालेली वाफ लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या द्रावणात शोषली जाते. द्रावण पातळ झाले की त्यास उष्णता देऊन पाणी पुन्हा वेगळे केले जाते व चक्र चालू राहते. नेहमीच्या यंत्रात जे काम विजेवर चालणारा कॉम्प्रेसर करतो, ते येथे उष्णता करते. पुण्यातील थरमॅक्स या कंपनीसह काही भारतीय उद्योग अशी यंत्रे तयार करतात.

साध्या शोषण यंत्रास ८० ते ९५ अंशांचे गरम पाणी किंवा कमी दाबाची वाफ पुरते. त्याला एक भाग उष्णता दिल्यास सुमारे ०.७ भाग थंडावा मिळतो. त्याच्या दोन मर्यादा आहेत. लिथियम ब्रोमाइडच्या यंत्रात शीतक म्हणून पाणीच वापरले जात असल्याने शून्य अंशाजवळचे तापमान त्यातून मिळत नाही. तसेच ही यंत्रे नेहमीच्या यंत्रांच्या जवळपास दुप्पट उष्णता शीतन मनोऱ्यात सोडतात, त्यामुळे पाणीही अधिक लागते.

६. दूध शीतकरण : एक उदाहरण

कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच 'गोकुळ', १९६३ पासून कार्यरत आहे. बिद्रीनजीकच्या बोरवडे येथे या संघाचे दूध शीतकरण केंद्र आहे. धारेचे दूध वेळेत चार अंशांपर्यंत थंड केले नाही तर त्यातील जिवाणूंची वाढ झपाट्याने होते, दूध नासते व उत्पादकाचे नुकसान होते. म्हणून दुग्धव्यवसायात थंडावा ही चैन नसून प्राथमिक गरज आहे.

उदाहरणादाखल एक लाख लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांपर्यंत थंड करावयाचे आहे, असे मानू. दुधाचे वजन सुमारे १,०३,००० किलो होईल व त्यातून सुमारे १.२४ कोटी किलोज्यूल उष्णता काढावी लागेल. हे काम सुमारे ९८० टन-तासांचे आहे, म्हणजे शंभर टन क्षमतेच्या यंत्राला जवळपास दहा तास लागतील.

शोषण यंत्राच्या सात अंशांच्या पाण्याने दूध चार अंशांपर्यंत नेता येणार नाही. सुमारे दहा अंशांपर्यंत नेता येईल. ३५ ते १० हा २५ अंशांचा टप्पा एकूण ३१ अंशांच्या सुमारे ८० टक्के आहे. याचा अर्थ शीतनाचा चार-पंचमांश भार उष्णतेवर चालू शकतो आणि शेवटच्या सहा अंशांसाठी सध्याचे अमोनियाचे यंत्र पुरते.

या ८० टक्के कामासाठी सुमारे १.४३ कोटी किलोज्यूल उष्णता लागेल. ती टर्बाइनमधून निघालेल्या वाफेतून घ्यावयाची तर सुमारे साडेसहा टन वाफ लागेल. ५,००० टन गाळपाचा कारखाना प्रक्रियेसाठी दिवसाला दोन हजार टनांहून अधिक वाफ वापरतो. त्या मानाने साडेसहा टन म्हणजे नगण्य प्रमाण होय. हा आकडा पाहून योजना लगेच फायद्याची वाटू लागते. परंतु येथेच सावधगिरी आवश्यक आहे.

हेच काम विजेवरील यंत्राने केले तर सुमारे ६५० ते ८०० युनिट वीज लागेल. आता तीच साडेसहा टन वाफ, सहवीज प्रकल्पात कंडेन्सिंग टर्बाइन असल्यास, पुढे निर्वात दाबापर्यंत प्रसरण पावून आणखी सुमारे ६०० ते ७०० युनिट वीज देऊ शकते. म्हणजे वाफेने दूध थंड करून वाचविलेली वीज आणि त्या वाफेमुळे बुडालेली वीज जवळपास सारखीच आहे. अशा परिस्थितीत नवीन यंत्र व नळ यांवरील भांडवल भरून निघणार नाही. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ 'फुकट' असते, हा समज या हिशेबात टिकत नाही.

आता तीच उष्णता भांड्यांतून निघणाऱ्या ८५ अंशांच्या अतिरिक्त गरम पाण्यातून घेतली तर चित्र पालटते. हे पाणी शोषण यंत्रातून जाऊन ७५ अंशांवर बाहेर पडले, तर प्रत्येक किलोमागे सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता मिळते. एक लाख लिटर दुधाच्या वरील कामासाठी असे सुमारे ३४० टन पाणी फिरवावे लागेल. हे पाणी खर्च होत नाही, केवळ दहा अंशांनी थंड होते. आणि जे पाणी पुढे थंड करावयाचेच आहे, त्या बाबतीत कारखान्याचे कामच हलके होते. यातून वीजनिर्मितीचे नुकसान होत नाही. म्हणून खरी टाकाऊ उष्णता वाफेत नसून या पाण्यात आहे. शोषण यंत्राच्या मनोऱ्यास लागणारे अधिकचे पाणीही उसातून निघालेल्या याच पाण्यातून, थंड व शुद्ध करून, भागविता येते.

७. हंगामाचा प्रश्न

साखर कारखाना वर्षभर चालत नाही. बॉयलर अग्निप्रदीपनानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू होते आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास संपते. शहरातील वातानुकूलनाची मागणी मात्र एप्रिल-मे महिन्यांत सर्वाधिक असते. ज्या वेळी थंडावा हवा त्या वेळी उष्णता नाही, या विसंगतीमुळे कारखान्याच्या उष्णतेवर शहरी शीतन चालविणे व्यवहार्य ठरत नाही. बिद्रीहून कोल्हापूर शहरापर्यंत नळ नेण्याचा विचारही अंतरामुळे बाद ठरतो.

दुधाचे गणित मात्र वेगळे आहे. म्हशीचे दूध हिवाळ्यात वाढते व उन्हाळ्यात घटते. दुग्धव्यवसायात पहिल्या काळास पुष्टकाळ व दुसऱ्यास कृशकाळ म्हणतात. पुष्टकाळ व गाळप हंगाम यांचा बराचसा भाग एकाच वेळी येतो. त्या महिन्यांत शेतातील हिरवे वाडे जनावरांना मिळते, हाही या मेळाचा एक भाग आहे. म्हणजे शीतन केंद्रावरील भार सर्वाधिक असताना कारखान्याची उष्णताही उपलब्ध असते. हंगाम संपल्यावर दुधाचे प्रमाण कमी होते आणि अस्तित्वातील विजेवरील यंत्रे तो भार पेलू शकतात.

दिवसातील वेळेचा प्रश्न अधिक सोपा आहे. दूध सकाळी व संध्याकाळी येते, कारखाना चोवीस तास चालतो. थंड पाणी उष्णतारोधक टाकीत साठवून ठेवल्यास लहान यंत्रही दिवसभर चालून दोन्ही वेळचा भार भागवू शकते.

८. अडचणी व मर्यादा

पहिली मर्यादा दुधाच्या आवकीची आहे. गावपातळीवर बल्क कूलर बसविल्यास दूध तेथेच थंड होऊन केंद्रावर येते. दुधाच्या गुणवत्तेच्या दृष्टीने ते इष्टच आहे. परंतु त्यामुळे केंद्रावरील भार घटतो. म्हणून भविष्यातील आवक गृहीत धरूनच यंत्राची क्षमता ठरविली पाहिजे.

दुसरी मर्यादा कारखान्याच्या सुधारणेची आहे. आधुनिक कारखाने वाफेचा वापर उसाच्या ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास आणत आहेत. त्यासाठी हेच गरम पाणी रस तापविण्यास वापरले जाते. आज टाकाऊ असलेली उष्णता उद्या कारखान्यालाच हवी असू शकते. उष्णता पुरवठ्याचा दीर्घ मुदतीचा करार करताना ही शक्यता विचारात न घेतल्यास पुढे वाद उद्भवतील.

तिसरी अडचण खंडिततेची आहे. ऊसतोड मजुरांची टंचाई, पाऊस, आंदोलन किंवा यंत्रातील बिघाड यांमुळे गाळप मध्येच थांबू शकते. दुधाला थांबता येत नाही. त्यामुळे विजेवरील पर्यायी यंत्रणा काढून टाकता येणार नाही, आणि दोन यंत्रणांचा खर्च हिशेबात धरावा लागेल.

चौथी अडचण संस्थात्मक आहे. दोन सहकारी संस्थांचे सभासद पुष्कळदा एकच शेतकरी असतात. एकाच्या शेतातला ऊस कारखान्याला व गोठ्यातले दूध संघाला जाते. तरीही दोन्ही संस्थांची संचालक मंडळे, पोटनियम व हिशेब स्वतंत्र आहेत. उष्णतेचे मोल कोणी व कशाच्या आधारे ठरवावयाचे, नळाची देखभाल कोणी करावयाची, खंड पडल्यास भरपाई कोणाची, हे प्रश्न यंत्राच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहेत.

९. सूचना

१. कारखाना स्तरावर प्रथम उष्णतेचा ताळेबंद तयार करावा. कोणत्या तापमानाची किती उष्णता कोणत्या महिन्यात प्रत्यक्ष वाया जाते याची नोंद किमान एक हंगाम ठेवावी.

२. वाफेचा वापर टाळून गरम पाण्यावर आधारित लहान पथदर्शी यंत्रापासून प्रारंभ करावा. दूध शीतकरण केंद्र हा आधारग्राहक मानावा. भाजीपाला व फळांचे पूर्वशीतन, बियाणे साठवण यांसारखे ग्राहक नंतर जोडावेत.

३. उष्णतेचा दर ठरविताना बुडालेल्या विजेचे मूल्य हा आधार घ्यावा. वीज बुडत नसेल तर दर नाममात्र असावा.

४. दोन्ही संस्थांच्या भागीदारीतून स्वतंत्र सहकारी संस्था स्थापण्याचा विचार व्हावा. सहकारी उपसा जलसिंचन संस्थांचा अनुभव या कामी उपयोगी पडेल.

५. शासनाने सामूहिक शीतनाचे धोरण आखताना महानगरांबरोबर साखर कारखाना परिसराचाही त्यात समावेश करावा.

६. अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांनी उष्णतेच्या नोंदी, दुधाची आवक व तापमान यांवर विद्यार्थ्यांचे प्रकल्प हाती घ्यावेत.

निष्कर्ष

सामूहिक उष्णता व शीतन व्यवस्था यशस्वी होण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : जवळचे अंतर, एकाच काळातील पुरवठा व मागणी, आणि विश्वासाची संस्था. महानगरांत मागणी दाट असली तरी स्वस्त उष्णतेचे उगमस्थान व नळासाठी जागा मिळणे अवघड असते. बिद्रीसारख्या परिसरात साखर व दूध या दोन व्यवसायांमुळे अंतर व काळ या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी जुळतात, आणि सहकाराची परंपराही येथे रुजलेली आहे.

मात्र बगॅसच्या वाफेतून दूध थंड करावे, असा सरसकट निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सहवीजनिर्मितीमुळे वाफेला आता विजेचे मोल आले आहे. ज्या उष्णतेतून वीज होऊ शकत नाही व जी कारखान्यालाही नको आहे, तीच दुसऱ्याच्या उपयोगी पडावी. ती ओळखण्यासाठी मोजणी हवी, आणि मोजणीनंतर करार हवा. ऊस व दूध गोळा करण्याची व्यवस्था या भागातील शेतकऱ्यांनी सहकारातून उभी केली. त्याच सहकाराने गरम पाण्याचाही ताळेबंद मांडला तर शेतकऱ्याच्या उसाची उष्णता त्याच्याच गोठ्यातील दूध टिकविण्यास कामी येऊ शकेल.